परतीच्या बोटी

राष्ट्रीय उद्यानाच्या कयाक-शेडवर तिला सगळे परतीबाई म्हणत. कामच तसं होतं. सकाळी समुद्र शांत असला की पर्यटक हसत-खिदळत वल्ही मारत टेकडीपलीकडच्या किनाऱ्यावर जायचे. दुपारी वारा उलटा सुटला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. मग कयाक तिथेच वाळूत टाकून मंडळी पायवाटेने परत यायची आणि शेडवर ऐटीत सांगायची, "बोट तिकडेच आहे हं!"

ती बोट आणायला परतीबाई जायची. टेकडी चढून-उतरून चार किलोमीटर चालायचं, टाकलेल्या कयाक दोरीने एकामागे एक बांधायच्या, वारा पडेपर्यंत वाट बघायची आणि मग सगळी माळ ओढत वल्हवत यायचं. अशी सोळा वर्षं गेली होती. वय चोपन्न, उजवा खांदा पार कामातून गेलेला. नवरा वारल्यापासून ती पार्कच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. घरी पोचायला सात वाजायचे, आणि पोचल्यावर भांडं उचलायचंही जिवावर यायचं.

"ताई, तुमची मजा आहे. रोज ट्रेक, रोज समुद्र!" असं कुणीतरी म्हणायचंच. ती हसायची. आताशा हसण्याचाही कंटाळा यायचा.

धाकटी बहीणही फोनवर तेच म्हणायची. ती शहरात एका दवाखान्याच्या नोंदणीखिडकीवर बसायची आणि सहा वर्षांपासून आई तिच्याकडे होती. "तुझं बरं आहे बाई. समुद्रावर असतेस," असं म्हणून ती फोन ठेवायची.

यंदा धाकटी तीन दिवसांची रजा काढून आली. आईजवळ शेजारीण बसवली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मीपण येते तुझ्याबरोबर. तेवढंच फिरणं होईल."

पहिल्या चढावर तिने फोटो काढले. दुसऱ्या चढावर तिच्याजवळचं पाणी संपलं. तिसऱ्या चढावर ती खाली बसली.

"अजून किती गं?"

"निम्मं झालं."

"आणि हे तू रोज करतेस?"

"सोमवार सोडून."

धाकटी गुडघ्यांवर हात टेकून उठली.

किनाऱ्यावर पाच कयाक पडल्या होत्या. एकीत वीतभर वाळू, दुसरीत ओला टॉवेल आणि बिस्किटांचे कागद. दोघींनी मिळून त्या उपड्या करून झटकल्या. वारा काही पडायचं नाव घेईना. मग एका कयाकच्या सावलीला टेकल्या, आणि धाकटी दवाखान्यातलं काहीतरी सांगता सांगता वाक्य अर्धवट टाकून झोपून गेली.

परतीबाई तिच्याकडे बघत राहिली. भांगात पांढरे केस किती झाले होते! डोळ्यांखाली काळं. झोपेतही फोन मुठीत घट्ट धरलेला. आपली धाकटी म्हणजे अजून पोरच, असं इतकी वर्षं ती धरून चालली होती.

लांब कुणीतरी हाक मारली तशी धाकटी धडपडून उठली. "आले आई, आले!" मग समोर समुद्र दिसला आणि ती ओशाळली.

"रात्रीतून किती वेळा उठवते?" परतीबाईने विचारलं.

"चारदा. कधी पाचदा."

"तू काहीतरी विचारायला आली होतीस ना?"

"आले होते. आता नाही विचारत." धाकटीने पायाची वाळू झटकली. "मला वाटायचं, तू इथे मजेत आहेस."

"आणि मला वाटायचं, तुझं काय, पंख्याखाली खुर्चीवरचं काम."

आईला इकडे ठेवायचंच विचारायचं असणार. परतीबाईला आधी रागच आला. सगळ्यांचं उरलंसुरलं आपणच ओढायचं का? पण राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं. तेही नव्हतं.

पाचनंतर वारा पडला. बाकीच्या कयाक मागे बांधून दोघी एका दोन जणांच्या कयाकमध्ये बसल्या, धाकटी पुढे. तिचं वल्हं सारखं मागच्या वल्ह्यावर आदळायला लागलं.

"तू वल्हं वर घे बाई. तुझ्या मदतीनेच मी मरेन."

कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या. अर्ध्या वाटेवर परतीबाई म्हणाली, "पुढच्या महिन्यात आईला घेऊन ये. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे."

"आणि हे काम?"

"बघते."

धाकटीने मागे वळून पाहिलं नाही. तिचे खांदे मात्र हलत होते.

दुसऱ्या दिवशी बहिणीला बसमध्ये बसवून परतीबाई शेडच्या मॅनेजरकडे गेली. "मला लाइफ जॅकेट धुवायच्या कामावर टाका. चारला घरी जाईन."

"मग बोटी कोण आणणार?"

"बाराच्या आत परत यायला सांगा लोकांना. येणार नसतील तर देऊच नका बोट."

मॅनेजरने डोकं खाजवलं. "सोपंच की हो. हे आधी का नाही सांगितलंत?"

तिने ते पूर्वी तीनदा सांगितलं होतं. पण त्याला तसं म्हणत बसायची तिची इच्छा नव्हती. चार दिवसांनी शेडवर पाटी लागली. लोक कुरकुरले, पण बाराला यायला लागले.

आई आली. आल्या दिवसापासून तिला समुद्राचा आवाज सोसेना, "बंद करा तो नळ" म्हणायची. परतीबाई दिवसभर साबणाच्या पाण्यात जॅकेटं घोळायची, चारला घरी यायची आणि आईशेजारी आडवी व्हायची. खांदा दुखायचाच.

आठवड्याने धाकटीचा फोन आला. म्हणाली, "अगं, रविवारी सलग अकरा तास झोपले. उठले तर डोकं इतकं दुखत होतं!"

"होईल सवय," परतीबाई म्हणाली.