गवताच्या दारात खाकरणारा

गवतात पाय टाकायच्या आधी तो खाकरायचा. आमच्याकडे सासरे, दीर ओसरीवर येताना असेच खाकरत, म्हणजे आतल्या सुनांना पदर सावरता यावा. हा माणूस माळाच्या कडेला उभा राहून तसं खाकरायचा, जरा थांबायचा, मग म्हणायचा, "चला आता. घरच्यायले कळलं."

सुलतानपूरच्या अलीकडं ते राखीव माळरान आहे. तिथला तो वनखात्याचा राखणदार. खात्याच्या कागदावर 'वॉचर', म्हणून सगळं गाव त्याला वाचरभाऊ म्हणे. आम्ही चार-पाच बाया त्याच्या हाताखाली रोजानं जायचो. पावसाळ्यात गाजरगवत उपटायचं, दिवाळीनंतर माळाचं गवत कापायचं. गवतातल्या पाखरांची पिल्लं मोठी होईपर्यंत तो विळा लावू द्यायचा नाही.

बाया त्याला छेडायच्या, "काऊन हो वाचरभाऊ, तितरीनं घेतला का पदर?"

"घेतला ना. तुमच्याहून शहाणी हाये ते."

कोणी म्हणालं, एवढी जागा ओसाड पडली, झाडं तरी लावा, तर त्याचं ठरलेलं, "झाडावर ससाणा बसते अन् खालचं पिल्लू उचलते. उघडंच राहू द्या बापा."

त्याचा जीव होता तो तणमोरावर. कोंबडीएवढा पक्षी, आता फार थोडे उरलेत म्हणतात. आमच्या माळावर कित्येक पावसाळे फिरकला नव्हता. मागच्या पावसाळ्यात नर गवतावरून उड्या मारताना दिसला, तेव्हा वाचरभाऊ "कोणाले सांगू नका" म्हणे आणि भेटेल त्याला स्वतःच सांगे.

पण त्याच साली त्याला खरा खोकला लागला. चिखलीच्या डॉक्टरची औषधं झाली, उतार पडेना. एकदा माळावरच उबळ आली आणि अंड्यांवर बसलेली तणमोराची मादी उडाली. दुपार टळल्यावर परतली. तोवर तो बांधावर बसून होता, तोंडात पंचा कोंबून.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं माळात पाय टाकला नाही. मला म्हणाला,

"वहिनी, आता तुमीच पाहा. लांबूनच पाहा. माहा खोकला मले आवरत नाही. पुन्हा उडाली तं ते येणार नाही."

"अन् तुमी काय करसान?"

"बसतो घरी. माहंबी घर हाये ना."

रोज संध्याकाळी मी त्याच्याकडं जायची. गल्लीच्या तोंडाशीच खोकला ऐकू यायचा.

"बसली हाये का?"

"बसली हाये."

"मंग जा. सैपाकाले उशीर होईन तुमाले."

आणि एका सकाळी बोरीच्या झुडपाआडून ती निघाली, मागं तीन पिल्लं, लुटूलुटू चालत. संध्याकाळची वाट कोण बघतं? या वयात जमेल तेवढ्या घाईनं मी गावात आले. गल्लीच्या तोंडाशी खोकला आला नाही. मला वाटलं, आज बरं वाटत असेल त्याला.

ओट्यावर माणसं बसली होती, अंगणात बांबू येऊन पडले होते. बायको उशाशी होती. मी वाकले आणि त्याच्या कानाशी सांगितलं, "निघाली, वाचरभाऊ. तीन हायेत."

दिवाळीनंतर विळे घेऊन आम्ही माळावर गेलो. कडेला थबकलो. कोणीच आत पाय टाकेना. मग मी खाकरले. आणि तशाच उभ्या राहिलो सगळ्या, कोणी "चला आता" म्हणेल म्हणून.