यादीत नसलेलं कार्ड

जालना रोडला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात अजिनाथ संगणकांचं बघायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला ऑफिसात बसणारा तो पहिलाच, त्यामुळे मान जरा ताठ. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. त्याचा बाप, भिकन, कळप घेऊन चारा छावणीवर गेला, तर छावणीवाल्यांनी दारातच अडवलं. जागा फक्त गाई-म्हशींना, मेंढरं यादीत नाहीत. अजिनाथ बापावरच उखडला.

"बा, आधी यादी बघायची ना. उगं कळप उन्हातान्हात हिंडवला."

मेंढरं पडेल भावात गेली आणि म्हातारा गारखेड्याच्या दोन खोल्यांत येऊन बसला. आता घर एकट्या अजिनाथच्या नोकरीवर होतं.

कारखान्यातले पाच जुने सर्व्हर थकले होते. मालक अप्पारावांनी पाचांचं काम एकाच दणकट सर्व्हरवर आणायचं ठरवलं. एका मशीनच्या पोटात पाच वेगळी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर त्यासाठी मिळतं. सर्व्हर नवा आला, पण डिस्क जोडायचं कार्ड जुन्यातलंच काढून लावा म्हणाले, चांगलं आहे तर फेकायचं कशाला. हाताखालच्या प्रांजलीनं सॉफ्टवेअर कंपनीची यादी उघडून अजिनाथला दाखवली. त्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या सामानात हे कार्ड नव्हतं.

अजिनाथला हसू आलं. त्यांच्यात मेंढा घेताना कुणी कागद बघत नाही. चार दिवस आपल्या कळपात हिंडवायचा, नीट चरला की व्यवहार पक्का. त्यानंही कार्ड आठवडाभर चालवून पाहिलं, कुठं अडलं नाही.

"डोळ्यांदेखत चालतंय ना?" तो प्रांजलीला म्हणाला. "मग त्या यादीचं काय लोणचं घालायचंय?"

अप्पारावांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

मार्चअखेरीला सगळ्या खात्यांचं काम एकदम अंगावर आलं आणि कार्डानं मान टाकली. डिस्क दिसेनात, पाचही मशीनं एका झटक्यात आडवी. सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला, तर पलीकडचा माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, कार्ड आमच्या यादीत नाही, आम्ही हात लावणार नाही. कितीतरी ऑर्डरींचा हिशेब कायमचा गेला. जुनं कार्ड लावा असं आपण कधी बोललोच नाही, असं अप्पाराव सरळ सांगून मोकळे झाले. पाठ थोपटणाऱ्यानंच दार दाखवलं, याची चीड अजिनाथच्या मनातून पुढं कधी गेली नाही. पण यादी आपण डोळ्यांनी बघितली होती, हे त्याहून जास्त जळत राहिलं.

तो घरी आला तेव्हा गल्लीत टँकर लागला होता आणि बाप हंडा घेऊन रांगेत उभा होता. नोकरी गेल्याचं त्यानं तिथंच सांगून टाकलं, कार्डाचं, यादीचं, सगळं. आपलंच वाक्य आता बाप आपल्या तोंडावर मारणार, म्हणून खाली मान घालून उभा राहिला.

भिकननं रिकामा हंडा खाली टेकवला.

"तुला यादी दावली तरी व्हती," तो म्हणाला. "मला कुणीच दावली नव्हती, रं."

रांग हलली. त्यानं हंडा पायानं पुढं सरकवला.