आत्याची टाच आणि डॉक्टरांची साक्ष

दिवाळीनंतरच्या चौथ्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, कोलाड नाक्यावर रस्ता ओलांडताना माझ्या आत्याच्या उजव्या पायावरून टेम्पोचं मागचं चाक गेलं. टाचेचं हाड तीन ठिकाणी फुटलं. रोह्यात ऑपरेशन झालं. ती पेणच्या खाडीकाठची, मिठागरावर काम करणारी. हंगामाच्या सुरुवातीला वाफ्यांची ओली जमीन टाचांनी तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर मिठात चिखल येतो. तिचं काम ते होतं.

पुढच्या पावसाळ्यात नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला. ती पुन्हा तुडवणीचं काम करू शकेल का, एवढाच वाद होता. टेम्पोच्या विमा कंपनीचं म्हणणं, बाई चालते म्हणजे काम करू शकते.

तपासणीसाठी मी तिला पेणमधल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय."

"मांडी घालता येते?"

"व्हय." ती खाली बसली आणि उठलीही.

"उठताना टेबल धरलंत."

"मधी होता म्हनून धरला."

डॉक्टर हसले नाहीत. मोठ्या माणसासमोर दुखणं सांगायचं नाही, ही आमच्या गावातली रीत त्यांना ठाऊक असावी. त्यांनी प्रश्न बदलला. "काम काय करता, ते करून दाखवा."

आत्यानं पदर खोचला आणि फरशीवर टाच आपटली. दुसऱ्यांदा आपटली. तिसऱ्या वेळी तिनं भिंत धरली. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, पुन्हा एक्स-रे काढला आणि सर्टिफिकेट लिहिलं.

कोर्टात डॉक्टरांची साक्ष होती, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या वकिलांनी तिला सांगितलं, "आत्याबाई, उद्या काठी घेऊन या. थोडं लंगडत या."

"घरात काठी नाय. उसनी आनू?"

"तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"माझी टाच मोडली हाय, वकीलसाहेब. अक्कल नाय. जेवढी लंगडते तेवढीच लंगडनार."

मी वर्तमानपत्रात बातमीदार; मीही तिला समजावलं. ती मला म्हणाली, "तू पेपरात खोटा लिवतोस का? मंग मना का सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी ती कोर्टात काठीशिवाय आली. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले होते. त्यांनी शपथ घेतली. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

"तुम्ही अर्जदारावर उपचार केले नाहीत?"

"नाही. तपासणी केली."

"सर्टिफिकेटमधला अपंगत्वाचा आकडा पायापुरता आहे. पूर्ण शरीराचा नाही. खरं?"

"खरं."

"अर्जदार आज काठीशिवाय चालत आल्या, ते तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग अपंगत्व कसलं?"

"त्या चालू शकतात, हे मी सर्टिफिकेटमध्येच लिहिलंय. टाचेचा सांधा झिजलाय. टाच आपटून जमीन तुडवणं त्यांना जमणार नाही."

"मिठागरात काम केलंय का तुम्ही कधी?"

"नाही. म्हणून त्यांना करून दाखवायला सांगितलं."

वकिलांनी सुचवलं की अर्जदारानं दुखण्याचं सोंग केलं आणि डॉक्टर फसले. मागच्या बाकावरून आत्या उठून उभी राहिली. "सोंग केला असता तर काठी आनली नसती का?" न्यायाधीशांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली, पण नजर वकिलांवरून हटवली नाही.

डॉक्टरांनी उत्तर दिलं, "त्यांनी मला दुखत नाही असं सांगितलं. माझं मत त्यांच्या सांगण्यावर नाही, हाडावर आहे." हे वाक्य साक्षीत नोंदलं गेलं.

निकाल होळीच्या आठवड्यात लागला. आत्या चालू शकते आणि मिठागरावरचं काम पुन्हा करू शकत नाही, या दोन्ही गोष्टी न्यायाधीशांनी सिद्ध धरल्या. दावा मंजूर झाला. विमा कंपनीनं हायकोर्टात अपील केलं. त्याची सुनावणी अद्याप झालेली नाही.