बायजा, सगळ्या घरांत

दुपारच्या वेळी दिवेआगरच्या वाड्यांमधून स्कूटर चालवताना जयमाला तांबेला आपण पाण्याखालून चाललोय असं वाटायचं. वर माडांच्या झावळ्या, त्यांच्याखाली पोफळींच्या सरळसोट रांगा आणि त्यांतून गाळून आलेला हिरवट उजेड. समुद्र दिसत नसे, पण त्याची गाज चारही बाजूंनी येई. या उजेडात माणूस फार वेळ राहिला की त्याला जे आहे ते आणि जे नाही ते, दोन्ही सारखंच दिसू लागतं.

जयमालाचं बोर्लीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान. पण ती दुकानात सापडायची कमीच. कुणाच्या होमस्टेचा प्रिंटर अडलेला असायचा, कुणाला दवाखान्यातलं मशीन सुरू करून हवं असायचं, शाळेतल्या मशीनमध्ये मुंग्यांनी घर केलेलं असायचं. दिघीपासून श्रीवर्धनपर्यंत तिला कोणी बेल वाजवायला लावत नसे. अंगणातूनच हाक यायची, "जयमाला का? ये गं, आत ये." आणि ती आत जायची. ओटी, माजघर ओलांडून अगदी आतल्या खोलीपर्यंत.

हे 'आत' तिच्यासाठी साधं नव्हतं. तिची आजी बायजाबाई याच वाड्यांमध्ये सुपारी सोलायला यायची. मागच्या अंगणापर्यंत यायची आणि तिथूनच परत जायची. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग दोन हजार वीसच्या जूनमध्ये वादळ आलं. पत्रे उडाले, कौलं उडाली, अर्ध्याअधिक पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. लोक भिजलेले कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून जयमालाकडे आणू लागले. ती ते उघडायची, पुसायची आणि खळ्यात सुपारी वाळत घालतात तसे गच्चीवर ओळीने मांडायची. वाचले त्यांच्यावर सगळं नव्याने चढवायचं होतं. प्रत्येक मशीन विचारायचं, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड काय ठेवू? ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, त्यांना हा प्रश्न कसा विचारायचा? "तूच ठेव काहीतरी," लोक म्हणायचे. इकडे घर बंद करून मुंबईला जाताना चावी शेजारी ठेवतात, तसंच हे.

पहिल्या मशीनपुढे बसली असताना तिच्या बोटांनी आपोआप आजीचं नाव टाईप केलं. पुढे एकोणीसशे छप्पन्न जोडलं. त्या वर्षी बायजाबाईने दीक्षा घेतली होती. दुसऱ्या मशीनलाही तोच शब्द. नंतर सगळ्यांनाच. सध्या राहू दे, मागाहून बदलू, असं तिने स्वतःला सांगितलं. ते मागाहून काही आलं नाही. कारण खरं सांगायचं तर तिला बदलायचंच नव्हतं. कुणाच्या आतल्या खोलीत बसून ते नाव टाईप करताना तिला वाटायचं, आजी इथेच आहे. पाय पसरून बसलीय, पानाला चुना लावतेय आणि तिला कोणी उठ म्हणत नाही. या किनाऱ्यावरच्या एवढ्या घरांत ती एकाच वेळी बसलेली असायची आणि ते एकट्या जयमालालाच ठाऊक होतं.

एका हिवाळ्यात जयमाला चुलतबहिणीच्या लग्नाला महाडच्या आत डोंगरात गेली. तिथे फोनला रेंज नव्हती. परतल्यावर कुमुदकाकूंचा निरोप दिसला. काकू निवृत्त शिक्षिका. त्या आणि त्यांचे यजमान विश्वंभरकाका वाडीत होमस्टे चालवायचे. निरोप होता, नवा प्रिंटर जोडायला मशीन ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतंय.

ती गेली तेव्हा ओटीवर चहा चालला होता. पुण्याहून आलेला नातू श्रेयस झोपाळ्यावर मांडी घालून बसला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला.

"या मावशी, उशीर केलात. प्रिंटर चालू झाला."

"कसा काय? पासवर्ड तर..."

"काढला ना शोधून." श्रेयस खूश होता. "पण मला एक सांगा. ही बायजा कोण हो?"

जयमालाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. ते नाव या ओटीवर मोठ्याने उच्चारलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"बायजा?" काकूंनी चष्मा वर केला. "आपल्याकडे सुपारी सोलायला यायची, ती बायजाबाई? तिचं काय?"

"माझी आजी," जयमाला म्हणाली.

श्रेयसने झोपाळा थांबवला. मग उत्साहाने सगळं सांगितलं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. आतलं विंडोज झोपलेलंच राहिलं. पासवर्ड असतो ती फाइल उचलली. "पासवर्ड तसाच्या तसा ठेवत नाहीत ना, आजी. नारळ पिळून चोथा ठेवावा तसं असतं. चोथ्यावरून नारळ ओळखता येत नाही. पण जगातल्या सगळ्या नावांचा नि सालांचा चोथा करून जुळवून बघता येतो. हे नाव आणि साल निघालं. चहाला उकळी यायच्या आत सापडलं!"

"अरे, पण तो काढून टाकून नवा घालायचास की," जयमाला कसंबसं म्हणाली.

"त्यात काय मजा? आणि एक गंमत. शेजारच्या गौरीकाकूंचं मशीन काल अडलं होतं, सहज हाच टाकून बघितला, तर उघडलं! तुम्ही सगळीकडे हाच ठेवलाय?"

"कुणाला सांगितलंस हे?"

"अजून कुणाला नाही."

ते 'अजून' तिच्या मनात काट्यासारखं रुतलं. श्रेयस भला पोरगा. पण त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर? गेल्या वर्षी एका होमस्टेवाल्याने जुनं मशीन भंगारात दिलं होतं. ते आज कुठे असेल? त्याच्यात तोच शब्द होता. त्या एका डब्यातून दवाखान्यातल्या बायकांचे आजार, शाळेतल्या पोरांची माहिती, पाहुण्यांची आधारकार्डं, सगळ्याची वाट जात होती. ज्या शब्दाने आजीला सगळ्या घरांत बसवलं, त्याच शब्दाने तिने सगळ्या घरांची दारं सताड उघडी ठेवली होती.

"म्हणजे एवढी वर्षं," काकू सावकाश म्हणाल्या, "आमच्या कॉम्प्युटरला तुझ्या आजीचं नाव होतं, आणि आम्हाला पत्ता नाही."

त्या रागावल्या होत्या की नुसत्याच चकित झाल्या होत्या, ते जयमालाला कळेना. ती म्हणाली, "चूक झाली काकू. सगळ्यांना सांगते. सगळीकडे बदलते."

घरी वडील रामजी जाळीच्या खाटेवर बसून रेडिओ पुसत होते. दिघीच्या जेट्टीवर जन्म घालवलेला माणूस. सगळं ऐकून ते म्हणाले, "सांगायला कशाला जातेस? गुपचूप बदल नि मोकळी हो. सांगितलंस तर उद्या कोन घरात घेनार न्हाय."

"भीती तीच हाय, आबा."

"मग?"

"चावी माझ्याकडे होती म्हणून घेत होते, की मी म्हणून घेत होते, तेवढं तरी कळंल."

रामजींनी रेडिओ बाजूला ठेवला. "म्हातारी असती तर शिव्या घातल्या असत्या तुला. तिचं नाव तिला न विचारता गावभर ठेवलंस म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून तिने फेरी सुरू केली. प्रत्येक घरी तेच सांगायचं. आधी चूक, मग उपाय. लोकांना कळावं म्हणून ती अंगणाच्या तोंडाशी असलेल्या आडव्या बांबूंच्या बेड्याकडे बोट दाखवी. "आतापर्यंतचा पासवर्ड म्हणजे ते बेडं. गुरं अडतात. माणूस बांबू सरकवतो नि आत येतो. मशीन ज्याच्या हातात, त्याला पासवर्ड अडवत नाही. म्हणून आता आतल्या डिस्कलाच कुलूप लावायचं. पासवर्डशिवाय तिच्यातलं सगळं नुसता चोथाच दिसेल. पासवर्ड तुमचा तुम्ही टाका. मला सांगू नका. विसरलात तर आकड्यांचा हा कागदच उपयोगी पडेल, तो जपून ठेवा. मात्र दोन्ही गेलं तर मीही काही करू शकणार नाही."

हे शेवटचं वाक्य कोणालाच आवडत नसे. गौरीवैनी म्हणाल्या, "शहाणी आहेस! उपयोगाचं होतं ते काढून घेतेस नि डोक्याला ताप देतेस." शाळेचे हेडमास्तर तोडून बोलले, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बघू म्हणाले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र उठून दार लावून घेतलं आणि पासवर्ड टाकला. मग हलकेच म्हणाल्या, "बरं केलंस."

प्रत्येक ठिकाणी मालक टाईप करायला लागला की जयमाला मान वळवून बाहेर बघत बसायची. पोफळींमधला हिरवा उजेड तसाच हलत असायचा. मागे बोटांचा आवाज यायचा. अडखळत, एकेक अक्षर. तिला वाटायचं, आजी उठतेय. पदर झटकतेय, पानाची चंची कनवटीला लावतेय, आणि मागच्या नव्हे, पुढच्या दाराने निघालीय. एका घरातून, मग दुसऱ्यातून. संध्याकाळपर्यंत सगळा किनारा रिकामा झाल्यासारखा वाटायचा.

विश्वंभरकाकांचं मशीन तिने सगळ्यात शेवटी केलं. कारण त्यांचं काम नाजूक होतं. वादळाआधीची वाडी ते कॉम्प्युटरवर चितारत होते. कुठल्या माडाला कुठली पोफळ टेकली होती, जायफळ कुठे होतं, विहिरीकडे कोण वाकलं होतं, एकेक झाड आपल्या जागी. जी वाडी आता कुठेच उरली नव्हती, ती तेवढ्या पडद्यावर उभी होती. त्यांनी डोळे मिटून विचार केला, पासवर्ड टाकला, आणि लहान मुलासारखे हसले. "मस्त आहे. कोणाच्या बापाला सापडायचा नाही."

त्यानंतर तिचा फोन शांत झाला. शाळेने खरंच दुसरा माणूस बोलावल्याचं बाजारात कळलं. ती दुकानात बसू लागली. अंगणातून येणाऱ्या हाका तिला बसल्या जागी आठवत.

पंधरवड्याने काकांचा फोन आला. आवाज पार बसलेला. "जयमाला, येतेस का? मी विसरलो."

ती गेली. काका मशीनपुढे बसले होते. काकू दारात उभ्या होत्या.

"आकड्यांचा तो कागद दिला होता ना मी?" जयमालाने विचारलं.

"तो यांनी इतका जपून ठेवलाय," काकू म्हणाल्या, "की ब्रह्मदेवालाही मिळणार नाही. कपाटं पालथी घातली."

"तुझी काहीतरी युक्ती असेल ना गं?" काकांनी विचारलं. "श्रेयससारखी? पेनड्राइव्हची?"

जयमालाने एकदा मशीनकडे बघितलं. तिनेच लावलेलं कुलूप. चांगलं लावलं होतं. "नाही काका. काहीच नाही."

त्यांचा चेहरा पडला. सगळी वाडी दुसऱ्यांदा आडवी होताना तिला दिसली. जुना शब्द ठेवला असता तर आत्ता मिनिटात उघडून दिलं असतं, आणि काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता. तिला निघून जावंसं वाटलं.

"मग जाऊ नकोस," काका म्हणाले. "एकट्याला आठवत नाही. तू बस इथे."

ती खाली जमिनीवर बसायला लागली. काकूंनी खुर्ची सरकवली. काका मोठ्याने आठवू लागले. पासवर्ड टाकला त्या दिवशी वारा कुठून होता, आपण काय बघत होतो, काकू आतून काय ओरडल्या. "मी ओरडले नव्हते, मी विचारलं, आमसूल कुठाय." "ओरडलीसच." जयमाला मान वळवून खिडकीबाहेर बघत होती. तासभर काका नुसते बोलत होते. मध्येच बोटं चालत, थांबत. "नाही." पुन्हा विहीर, पुन्हा वारा, वडिलांनी लावलेलं एक झाड, त्याला दिलेलं टोपणनाव. मग काका एकदम गप्प झाले. बोटं सावकाश, न अडखळता चालली.

मशीन सुरू झाल्याची धून वाजली. काकूंनी पदराने डोळे टिपले.

"सापडला! जयमाला, इकडे बघ, सांगतो काय होता. मोठी गंमत आहे."

"नको काका. सांगू नका."

"अगं, तुला नाही तर कुणाला सांगू? न सांगता तुला इतका वेळ बसवून ठेवलं!"

"बसले की," ती म्हणाली आणि आता मान पडद्याकडे वळवली. पडद्यावर विहिरीकाठची पोफळ उभी होती, तिच्या शेजारी जायफळ. "आता हे जायफळ इथे कसं आलं, ते सांगा."