विदाऊटची पिशवी

"कुटनं?"

समोर कुणीही आलं की मास्तरांचा पहिला प्रश्न हाच. विचारताना उजवा अंगठा तर्जनीवर घासत, जणू तिकिटांचा गठ्ठा अजून हातातच आहे. चहावाल्या पोऱ्याला, घरी आलेल्या नव्या जावयाला, एकदा तर दारात आलेल्या मांजरालाही त्यांनी हेच विचारलेलं मी ऐकलं आहे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली होती. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यामुळे उत्खननावर आलेल्या विद्यार्थ्यांना पहिले चार दिवस ते निवृत्त शिक्षक वाटले होते. मास्तरांनी तो गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

मी सोलापुरात एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर मजकूर लावते. वडील यंत्रमागावर, नायनम्मा, म्हणजे वडिलांची आई, विड्या वळायची. आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा संघटनेची पत्रकं जास्त. अक्षरओळख मला त्यांच्यावरूनच झाली. त्यामुळे शाळेतल्या इतिहासाचा मला पहिल्यापासून राग. राजाचा शेला कोणत्या रंगाचा होता ते लिहिलेलं असे, तो कुणी विणला ते कुठंच नसे. ते मातीत असणार, असं माझं ठाम मत होतं. ती माती मला स्वतःच्या हातांनी खणायची होती.

पण खणू देणार कोण? विद्यापीठांना, कार्यालयांना, मंडळांना मी मेल पाठवले. कुणी पदवी विचारली, कुणी अनुभव, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. अनुभव नाही म्हणून घेत नाहीत आणि घेत नाहीत म्हणून अनुभव नाही. हा न्याय कामगारांच्या पोरांना नवा नाही. तुमच्यापैकी अनेकांनी तो कुठल्या ना कुठल्या दारात सोसला असेल.

अशात एक दिवस मास्तर दुकानात आले. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, तोंडओळख होती. त्यांनी हातानं आखलेला एक कागद पुढं केला. गाव, खड्डा, थर, वस्तू, तारीख, कुणाला सापडली.

"ह्याच्या हजार चिठ्ठ्या काढ."

"कशाच्या, मास्तर?"

"तिकिटं हायेत," ते म्हणाले. "खापरांची."

मग कळलं ते असं. नोकरीत असताना एकदा करमाळ्याच्या रस्त्यावर त्यांची गाडी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत करायचं काय, म्हणून ते शेजारच्या पांढरीच्या टेकाडावर चढले. जुनं गाव जिथं वसलं आणि मोडलं, तिथल्या पांढरट मातीला आपण पांढरी म्हणतो. तिथं एक मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन खणत होत्या. मास्तरांनी विचारलं, हे शिकायला काय लागतं? मॅडम म्हणाल्या, "टोपी." मास्तरांच्या डोक्यावर टोपी होतीच. तेव्हापासून त्यांची प्रत्येक रजा मॅडमच्या खड्ड्यावर गेली, आणि निवृत्तीनंतरचे सगळे हिवाळेसुद्धा.

"मला न्याल?" मी विचारलं.

"नेतो की. पर एक सांगतो, पोरी. चाळीन म्हण, धुवीन म्हण, उचलीन म्हण. 'खणीन' ह्यो शब्द तोंडातनं काडायचा न्हाय. खणणारे लई येत्यात. चाळणारं मानूस घावत न्हाय."

मॅडमसमोर मी अगदी तेवढंच बोलले. लगेच काम मिळालं. जे इतक्या मेलना जमलं नाही, ते तीन क्रियापदांनी केलं.

टेकाड उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर होतं. एका बाजूनं पाणी ते खात होतं, दुसऱ्या बाजूनं केळीचा मळा सरकत होता. माझं काम चाळणीवर. खड्ड्यातून मातीचं घमेलं वर आलं की मास्तर ते माझ्याकडे आणत. सोबत चिठ्ठी, माती कोणत्या थरातली याची. चिठ्ठीशिवाय ते घमेलं हलवू देत नसत. कुणी शेतात सापडलेलं काही आणून दिलं, तर ते उलटसुलट करून पाहत आणि विचारत, "कुटनं?" बांधावर पडलं होतं, असं उत्तर आलं की म्हणत, "झ्याक हाय. पर विदाऊट." म्हणजे बिनतिकिटाची. मग ती वस्तू एका खादीच्या पिशवीत जाई. पिशवीवर शाईनं लिहिलं होतं: विदाऊट. एका पुढाऱ्यानं मोठ्या थाटात आणलेली दगडी मूर्तीही मास्तरांनी हसतमुखानं त्याच पिशवीशेजारी ठेवली होती, पिशवीत मावेना म्हणून.

त्यांना एकच खोड होती. रिकामी किंवा अर्धी फेरी त्यांच्या जिवाला लागे. घमेलं काठोकाठ भरल्याशिवाय ते उचलत नसत. खड्ड्यातून गावच्या बाया ओरडायच्या, "मास्तर, गाडी फुल्ल झाली, सोडा की आता!"

"दोन सीटा रिकाम्या हायेत अजून!" मास्तर वरून म्हणायचे, आणि बाया हसत आणखी दोन फावडी टाकायच्या.

शेवटच्या आठवड्यात बाहेरगावचे एक ज्येष्ठ तज्ज्ञ पाहणीला यायचे होते. सकाळीच मॅडमनी आम्हाला बाजूला घेतलं. "त्यांचा हौशी लोकांवर विश्वास नाही. आज तुमचं काम त्यांना पटलं, तर पुढच्या वर्षी पदवी नसलेले लोक घेता येतील. नाहीतर फक्त विद्यार्थी." हौशी! हा शब्द मला दिवसभर टोचत राहिला. जणू आम्ही सहलीला आलो होतो.

दुपारी तज्ज्ञ आले. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात वरच्या दुसऱ्या थराचं काम चालू होतं, दुसऱ्या कोपऱ्यात कितीतरी जुन्या चौथ्या थराचं. पाहुण्यांसमोर काम झरझर दिसावं म्हणून सगळ्यांचीच लगबग. मी माती चाळणीवर ओतली, हलवली, आणि जाळीवर एक चकती उरली. भाजक्या मातीची, मध्ये भोक. सूत कातायच्या चातीला वजन यावं म्हणून बसवतात ती.

मी ती उचलली. कापड कुणी विणलं, याचं उत्तर माझ्या तळहातावर होतं.

"थर?" मॅडमनी विचारलं.

"चौथा!" मी म्हणाले. कुणी चिठ्ठी पाहायच्या आत म्हणाले.

तज्ज्ञांनी चष्मा वर केला, चकती हातात घेतली. "चौथ्यात? फार महत्त्वाचं आहे हे." कॅमेरा आला. मोजपट्टी आली. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळाही तयार झाला.

तेवढ्यात मास्तर पुढं आले. त्यांनी चाळणीशेजारी पडलेल्या चिठ्ठ्या उचलल्या. दोन. एक दुसऱ्या थराची, एक चौथ्याची.

"मॅडम," ते म्हणाले, "हे विदाऊट हाय."

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या मॅडमपुढं धरल्या.

"दोनी कोपऱ्यांतनं घमेली अर्धीअर्धीच आल्ती. रिकामी फेरी नको म्हनून मी दोन्ही एकदम आणली. हिनं एकदम चाळणीवर वतली. ही चकती ह्यातली का त्यातली, ते आता देवालाबी ठावं न्हाय. चूक माजी. आन हिचीबी."

हिचीबी! त्यांनी मलाही सोडलं नव्हतं. दोन घमेली ओतताना मी चिठ्ठ्या पाहिल्या नव्हत्या, हे खरं होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की या माणसानं माझा पुरावा घालवला आणि माझ्यासारख्यांचं दारही बंद केलं.

"म्हणून मी म्हणतो, हौशी लोक नकोत," तज्ज्ञ म्हणाले आणि चकती मॅडमच्या हातात ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून त्या संध्याकाळी सोलापूरला परतताना एसटीत मी मास्तरांशी बोलले नाही. टेंभुर्णी गेल्यावर मला राहवलं नाही. "तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"कुनालाच न्हाय."

"मग?"

"आपली मानसं हितं व्हती, ह्ये तुला सांगायचंय न्हवं? मग खोट्या तिकिटावर कशापायी बशिवतीस त्यांना? चेकर कदी ना कदी चढतोच. मग खरीबी खाली उतरवत्यात."

मी पत्रकांवर वाढले. खोट्या इतिहासाविरुद्धच्या किती घोषणा मला पाठ होत्या. त्या दुपारी मात्र खोटं बोलले होते मी, आणि सत्याच्या बाजूनं एक निवृत्त कंडक्टर एकटा उभा राहिला होता, स्वतःची जागा पणाला लावून. तेव्हापासून मला त्यांचा जो अभिमान वाटत आला आहे, तेवढा आजवर कुठल्याही पुढाऱ्याचा वाटला नाही.

उरलेले दिवस आम्हा दोघांना खापरं धुण्यावर बसवलं गेलं. मास्तरांनी ती ताटल्यांसारखी लख्ख धुतली.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्याच महिन्यात मॅडमचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी ते घेऊन धावत त्यांच्या घरी गेले.

"कुट...नं?" खाटेवरून त्यांनी विचारलं. जीभ जड झाली होती, प्रश्न तोच होता.

"मॅडमकडनं."

मी वाचून दाखवलं. 'मागच्या वर्षीच्या दोघांनीही यावं. तज्ज्ञांची समजूत मी काढली आहे. ज्या खड्ड्यावर चूक आपणहून सांगणारा माणूस आहे, त्याच खड्ड्याच्या नोंदींवर माझा विश्वास बसतो. यंदा मास्तरांना घमेली उचलायची नाहीत. नोंदवही त्यांच्याकडे राहील.'

त्यांनी परत वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा. चांगला होता तो अंगठा तर्जनीवर हळूहळू घासला जात होता.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच मास्तर गेले.

नोंदवही आता माझ्याकडे असते. विदाऊटची पिशवीही. चकती तिच्यातच आहे, सोबत मास्तरांच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी आहे. थर: दुसरा का चौथा, माहीत नाही. कुणाला सापडली, या रकान्यात दोन नावं आहेत. घमेली आणणाऱ्याचं, आणि त्याच्याखाली चाळणारीचं.

माझं नाव छापलेली पत्रकं बरीच आहेत. पण नवं कुणी चाळायला आलं, की मी आधी त्यांना ही चिठ्ठी दाखवते.