वॉर्डातला मोकळा माणूस

गेममधला तो किल्ला अजून माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. डोंगर पोखरून केलेला, दीडशे बुटक्या माणसांचा. बरेच महिने मी तो उघडलेला नाही. उघडला की शेजारच्या खुर्चीत बाबा असणार, ही डोळ्यांची सवय जात नाही. आणि बाबा आता अकोल्याला आत्याकडे असतात. चंदीगडची थंडी त्यांच्या खुब्यातल्या सळईला सोसत नाही.

बाबा म्हणजे श्रीराम गावंडे, वायुसेनेत तीस वर्षं मेडिकल असिस्टंट. शेवटची पोस्टिंग इथली, म्हणून इथेच राहिले. बाहेर हिंदी, बाजारात पंजाबी. घरात मात्र बोलणं अकोल्याचंच. रविवारी दुपारी मी गेम लावला की ते खुर्ची ओढून बसत. लढाया, सोनं, राक्षस यांत त्यांना रस नव्हता.

"दवाखाना दाखव," म्हणत.

त्या गेममधला दवाखाना त्यांना पटला होता. तिथे औषधाच्या बाटलीने कुणी एका क्षणात बरं होत नाही. जखमीला कुणीतरी उचलून खाटेवर आणावं लागतं. मग वैद्य तपासतो, दुसरा जखम धुतो, तिसरा टाके घालतो, हाड मोडलं असेल तर फळी बांधतो. विहीर लांब असली किंवा साबण संपला की जखम चिघळते. कातडी भरून येते, हाड जुळतं, पण नस तुटली की तुटली. मग त्या माणसाच्या नावापुढे कुबडी लिहून येते, ती कायमची.

"बरोबर हाये," बाबा म्हणायचे. "ज्यानं हे बनवलं त्यानं वॉर्ड पाह्यला असंल."

त्या माणसांना थेट हुकूम देता येत नाही. कामं वाटून द्यायची. जो रिकामा असेल तो ती करतो. मोहालीच्या ऑफिसात माझी नोकरीच ती आहे: कोणाच्या वाट्याला किती तास, कोण रिकामा बसलाय. माझ्या किल्ल्यात कुणीच रिकामं नव्हतं, याचा मला अभिमान होता.

एका रविवारी पाय मोडलेला एक खाणकामगार मेला. जखम धुतलेली, टाके घातलेले, फळी बांधलेली. बाबांनी चष्मा वर करून नोंद वाचायला लावली. मी वाचली: तहानेने मेला.

"जखमेनं नाही?"

"नाही."

"मंग पानी काऊन नाही पाजलं कोनी?"

"सगळे कामात होते, बाबा."

ते हसले नाहीत. "गाढवा, वॉर्डात एक मानूस बिनकामाचा ठेवा लागते. आमच्या इथं फळ्यावर नावं लिहायचे. एकाच्या नावापुढं काहीच नाही. तो दारापाशी स्टुलावर बसे. नवा साहेब आला का पह्यले त्यालेच काम सांगे, अन् सिस्टर साहेबालेच झापे."

"आणि तो स्टुलावर बसून करायचा काय?"

"काही नाही. म्हणून तर पेशंट त्याले हाक मारे. कामातल्या मानसाले कोन हाक मारते?"

त्यांच्या सांगण्यावरून मी एका लंगड्या बुटक्याची सगळी कामं काढून घेतली. बाबांनी त्याचं नाव ठेवलं स्टूलवाला. त्यानंतर आमच्या दवाखान्यात तहानेने कुणी मेलं नाही. रविवार आला की बाबा आधी विचारायचे, "स्टूलवाला काय म्हणते?" माझी बायको ओजस्विनी आतून ओरडायची, "घरातले दोन स्टूलवाले भाजी निवडायला येतील का?"

ते दिवस मला फार आठवतात. पलंगावर पडलेलं ऊन, बाबांच्या गुडघ्यावर पालकाची जुडी.

मग डिसेंबरात, धुक्यात, मार्केटच्या पायरीवरून बाबा घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पाचव्या दिवशी घरी आणलं. मी तक्ता करून फ्रिजवर लावला. नऊला गोळ्या, दहाला व्यायाम करून घेणारी मुलगी, दुपारी ओजस्विनी क्लासेसमध्ये शिकवून परत येईपर्यंत आया, सातला मी. प्रत्येकाच्या फोनवर गजर. एकही तास रिकामा नव्हता. खाटेशेजारी पाण्याची बाटली भरलेली असायची.

नवव्या दिवशी बाबा भ्रमात मला सार्जंट म्हणून हाक मारू लागले. अंगात ताप, ओठांना पापुद्रे. पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाल्या, शरीरात पाणीच उरलेलं नाही, किडनीवर ताण आलाय. दोन दिवसांत लघवी सुधारली तर ठीक. नाहीतर या वयात सांगता येत नाही.

घरी कपडे घ्यायला आलो. बाटली तशीच भरलेली होती. आया म्हणाली, "मैंने तो रोज भरी थी, भैया जी." खरं होतं. तिच्या तक्त्यात भरणं लिहिलं होतं. फ्रिजवरचा तो कागद मी उभ्या उभ्या वाचला. मग फाडला आणि सुट्टीसाठी ऑफिसला फोन केला.

"किती दिवस, निशांत? कारण काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"बसायचंय," मी म्हणालो.

वॉर्डात नर्सकडून एक स्टूल मागून घेतलं. लॅपटॉप नेला नाही, फोन बंद केला. सलाईन थेंब थेंब उतरत होतं. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"काऊन रे, तुले काम नाही?"

"नाही बाबा. मी मोकळा आहे."

त्यांची नजर खाली स्टुलावर गेली. ओठ जरा हलले.

"मंग पानी दे."

मी चमच्याने पाजलं. चौथ्या चमच्याला त्यांनी हात धरला.

"जास्त प्यालो का घडीघडी न्या लागते, बाथरूमले. सारे घाईत. त्या आयाले कसं सांगू?" ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "म्हणून पेतच नव्हतो."

मी पुढचा चमचा भरला.

"थांब," ते म्हणाले. "आधी भांडं आन."

मी खाटेखालून लघवीचं भांडं काढलं आणि पडदा ओढला.