कुलूपबाई

शेवटचं कुलूप तिनं माझ्या उजव्या कोपराला लावलं. दुपारचा चहा झाला होता, ओसरीत सतरंजी होती. संध्याकाळी पोरींना जे शिकवायचं ते ती आधी माझ्यावर करून बघायची. हात ताणला की मी डाव्या हातानं तिच्या पायावर दोनदा थोपटायचं, मग ती सोडायची. त्याला टॅप म्हणतात.

माझी बायको पारोळ्यात मुलींना जिउ-जित्सू शिकवायची. सांधा अडकवून धरायच्या डावाला ती कुलूप म्हणायची, म्हणून पोरी तिला कुलूपबाई म्हणत. मी चौथी शिकलेला, जुना कुस्तीगीर. आमच्यात पाठ टेकली की माणूस संपला. हिचं पाठ टेकल्यावर सुरू व्हायचं.

"घाई कशाची? आधी तिची हलायची जागा संपवा. गुडघे आवळा. मग कंबर सावकाश उचला." हे ती इतकं हळू बोलायची की मला भीती वाटायची.

टॅपच्या बाबतीत फार कडक. "दुखलं की लाजू नका. पण कुलूप न लागता टॅप दिला तर समोरचीचा घात कराल." एका पोरीनं मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून दिला, तर तिला आठ दिवस बाहेर बसवलं.

दिवाळीनंतर तिचे गुडघे सैल पडायला लागले. पायऱ्या चढताना भिंत धरायची. म्हटलं, धुळ्याला दाखवू. हसली. "पैलवान अजून टॅप देतो ना? मग मले काय व्हयनं?"

मी देत राहिलो. कुलूप लागत नव्हतं, तरी देत राहिलो.

त्या दुपारी तिनं मुद्दाम गुडघे उघडे ठेवले. हात सहज निघाला असता. मी टॅप दिला.

ती उठून बसली. "हाई टॅप खोटा शे. कधीपासून?"

"महिना झाला."

ती माझ्या डाव्या तळहाताकडे बघत राहिली. "उद्या सकाळी धुळ्याला जाऊ," म्हणाली, आणि क्लासला गेली. तिथं पायरीवर बसली ती उठलीच नाही.

हृदय म्हणे महिनाभर थकत चाललं होतं. "घरात कुणाच्या ध्यानात नाही आलं?" डॉक्टरनं विचारलं.

सकाळी तिला न्यायच्या आधी पोरी दारात जमल्या. मी सतरंजी अंथरली, आडवा झालो, त्यातल्या थोरलीपुढे हात केला.

"लाव."

"आबा, आज नको ना."

"लाव म्हणतो ना."

तिनं रडत रडत लावलं. हाताला काहीच होईना. सगळ्या पोरी माझ्या डाव्या हाताकडे बघत होत्या.

"नाही लागलं," मी म्हणालो. "परत लाव."